एकही बहीण धड नाही

विलासिनी गावच्या वाचनालयातली पुस्तकं घरोघरी पोचवायची. खांद्याला पिशवी, हातात छत्री. बायका चुलीला फुंकर मारता मारता विचारायच्या, "आज काय आणलंस?" आणि ती नेमकं सांगायची, कारण दिलेलं प्रत्येक पुस्तक तिने आधी वाचलेलं असे.

त्या महिन्यात तीन बहिणींवरची एक नवी कादंबरी आली होती. जिच्या घरी गेली तिने नाक मुरडून परत केली. थोरली खोटारडी, मधली हावरट, धाकटीला तर लाजच नाही, अशी तक्रार. वाचनालयाचे चिटणीस भास्करन माश, गावचे मास्तर, म्हणाले, एकही बहीण धड नाही, असलं कशाला वाचायचं! विलासिनीने मात्र दोनदा वाचली. भाताची पेज उतू गेली तरी तिला कळलं नाही. आई गेल्यापासून पाच वर्षांत तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. गोड-तिखट जिभेला कळे, पुढे पोचत नसे. त्या तिघींचं भांडण वाचताना ती एकटीच हसली आणि आपण हसलो म्हणून दचकली. माणसाचं हे असंच असतं. पुस्तकातली खोटारडी गोड वाटते, घरातलीचं तोंड बघवत नाही.

घरातली म्हणजे सौदामिनी, तिची थोरली बहीण, तिची चेची. आई तिच्याकडे होती. आई अत्यवस्थ झाली तेव्हा तिने निरोप धाडलाच नाही. दुसऱ्यांकडून कळून विलासिनी पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. तेव्हापासून शेतापलीकडचं ते एक घर विलासिनीच्या फेरीतून गळालं. आता सौदामिनी घर विकून मुलाकडे बंगळुरूला निघाली होती, कायमची. सगळ्या गावाचं विलासिनीला विचारून झालं, जाणार ना भेटायला? ती म्हणे, बघू. जावंसं वाटत नव्हतं आणि न जावंसंही वाटत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती गेली. सौदामिनी ओसरीवर बसलेली, डोळ्यांना जाड चष्मा, मांडीवर तीच कादंबरी. शेजारणीने दिली होती.

"बस," सौदामिनी म्हणाली. "वाचलीस?"

"दोनदा."

"ती थोरली आवडली तुला?"

"सगळ्यांत जास्त."

सौदामिनीने चष्मा काढून पुसला. "विसरले म्हणून नाही गं, मुद्दाम कळवलं नाही तुला. वर्षानुवर्षं आईचं सगळं मी केलं, शेवटचा श्वास तरी माझ्या एकटीचा असू दे, असं आलं मनात. दुसरं काही नाही."

विलासिनी राग येण्याची वाट बघत बसली. आला नाही. रडूही आलं नाही.

"पुस्तकातली आवडते, मग मी का नाही?"

"पुस्तक परत करता येतं, चेची."

सौदामिनीने मांडीवरची कादंबरी मिटली. मग ती विलासिनीच्या हातात देत म्हणाली, "उद्या जातेच आहे. मलाही परत केलीस असं समज."

विलासिनीला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. तोंडातून निघालं ते एवढंच: "गाडी किती वाजता?"

"सहाला."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती सौदामिनीच्या दारात हजर होती. रडू तेव्हाही आलं नाही. पण बहिणीची बॅग तिने न्यायला आलेल्या भाच्यालासुद्धा उचलू दिली नाही.