पऱ्हाटीच्या कोळशावरून परतलेली लहर

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी संशोधनासाठी नाव नोंदवले. माझे मार्गदर्शक माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तरी दोनदा घसा साफ केल्याशिवाय मी त्यांचे दार वाजवत नसे. विद्युतचुंबकीय लहरी शोषून घेणारा सच्छिद्र, वाहक कोळसा तयार करणे हे माझे काम. तो मी पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचल्यावर शेतात उरणाऱ्या काड्यांपासून, करत होते. काड्या आर्वीहून धाकटा भाऊ आणून देई.

"ताई, हे तं आमी चुलीत घालतो," तो म्हणाला. "तू याच्यासाठी डॉक्टर काऊन होऊन राह्यली?"

संशोधनाची मुदत संपत आली होती; ती वाढणार की नोंदणी रद्द होणार, हे विद्यापीठाच्या समितीपुढच्या सादरीकरणावर ठरायचे होते. भट्टीचे तापमान किती ठेवावे, हे सरांना विचारण्याचा मला संकोच वाटला. कोळसा जितका वाहक तितका शोषक, असे मी परस्पर ठरवले आणि आधीच्या सहाशेऐवजी हजार अंशांवर नमुने भाजले. त्या कोळशाची चकती करून लहरीच्या वाटेत ठेवली, तर पलीकडे जवळजवळ काहीच पोहोचेना. त्या मोजणीचा आलेख मी सरांना पाठवला. "उत्तम," एवढेच उत्तर आले.

परावर्तन मोजायचे राहिले होते. ते सादरीकरणाच्या सकाळी मोजले. लहर आत शिरतच नव्हती. पत्र्यावर आदळावी तशी पृष्ठभागावरूनच परतत होती.

पहिलाच आलेख दाखवून गप्प राहावे, हा विचार माझ्या मनात बराच वेळ होता. शेवटी मी सरांचे दार वाजवले.

"सर, हे शोषण नाही. चकती लहर परत पाठवते आहे."

त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. "तापमान कोणाला विचारून वाढवले?"

"कोणालाच नाही, सर. तुम्हाला विचारायचा संकोच वाटला."

"मॅडम, मी काय वाघ आहे?"

समितीपुढे मी दोन्ही आलेख लावले. लहर आत यायला हवी असेल तर कोळसा इतका वाहक असून चालत नाही, हे मला आजच उमगले, असे मी सांगितले. त्यांनी बाहेर थांबायला सांगितले. व्हरांड्यातला तो पाऊण तास मी उभ्यानेच काढला.

सर बाहेर आले. "सहा महिने मिळाले. एकदाच."

मी मान डोलावली. ते वळणार, तोच माझ्या तोंडून निघाले, "सर, सहाशे की साडेसहाशे?"