गेरूकाका आणि नागीण

पन्नाशी ओलांडलेला माणूस भेटला की गेरूकाका रामराम करायच्या आधी विचारत, "काहो, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या ठेल्यावर, कुठेही. समोरचा बावरून हो म्हणाला की पुढचं वाक्य ठरलेलं असे, "मग नागीण तुमच्या अंगातच झोपून हाये. लस घेऊन घ्या."

लकडगंजातल्या आरामशीनवर ते लाकडावर कापायच्या खुणा करत. गेरूत भिजवलेलं सूत ताणून ओंडक्यावर सोडलं की लाल रेघ उमटे. त्यावरूनच हे नाव पडलं. त्याच गेरूने ते लोकांची नागीणही बांधत. कमरेवर फोडांचा पट्टा उठलेला कुणी आला, की पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची. नागिणीची तोंडं जुळली तर माणूस जातो, असा समज होता. बहुतेकांचे फोड आपोआपच सुकत आणि यश काकांच्या हाताला मिळे.

मग काकूंच्याच कपाळावर नागीण उठली, डाव्या भुवईपासून पापणीपर्यंत. काकांनी तीन दिवस गेरू लावला. चौथ्या दिवशी डोळा उघडेना, तेव्हा माझ्या बाबांनी दोघांना ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पहिल्याच दिवशी यायला हवं होतं." फोड गेले, पण डाव्या डोळ्याची नजरही गेली. कपाळातली आग तर पुढे वर्षभर राहिली. पदराची किनार लागली तरी काकू कळवळत.

त्यानंतर काकांनी कुणाच्या अंगाला गेरू लावला नाही. लोक येत, हात जोडत. काका चपला घालून त्यांच्यासोबतच निघत. "गेरू लाकडाले लावाचा असते गा. चाल दवाखान्यात, आत्ताच."

एकजण चिडून म्हणाला, "तुमच्या हाताले आता गुण नाही राहिला."

"नव्हताच," काका म्हणाले.

लस आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून त्यांना दम निघेना. माझ्या आईला ते स्वतः घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिचा दंड सुजला, अंगात कणकण आली. सकाळीच काका दारात उभे. "वहिनी, माह्यावर रागावून राहिल्या का?"

"दंड दुखून राहिला फक्त, भाऊजी," आई म्हणाली. "या, चहा घ्या." चहा पिता पिता त्यांनी दोनदा डोळे पुसले.

एकदा नागीण होऊन गेली तरी लस घेता येते, हे कळल्यावर काका-काकूंनी पहिला डोस एकाच दिवशी घेतला. दुसऱ्याची वेळ यायच्या आधीच काका हृदयविकाराने गेले.

महिन्याभराने काकूंना दुसऱ्या डोससाठी मी घेऊन गेले. रस्त्याला लागल्यावर त्या थांबल्या.

"ह्या बाजूनं चाल वं. डावीकडचं मले दिसत नाही. हे नेहमी डावीकडूनच चालत."

मी बाजू बदलली. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही निघालो.