साबुदाणे अप्पांचा कांदा

साबुदाणे अप्पांच्या औषधानं कुणाचा हिवताप गेला नाही, असं त्यांच्या वहीत, शेवटची नोंद सोडली तर, एकदाही लिहिलेलं सापडणार नाही. ती वही मीच लिहीत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

पहिली जर्मन लढाई नुकतीच संपली होती. अप्पा लोणावळ्याला रेल्वेतून निवृत्त होऊन कामशेतजवळच्या आमच्या गावी आले, ते होमिओपॅथीची पेटी घेऊनच. पांढऱ्या गोळ्यांवरून गावानं त्यांना साबुदाणे हे आडनाव बहाल केलं. हिवतापावर कोणती गोळी चालते हे त्यांना प्रयोगानं सिद्ध करायचं होतं, मासिकात लेख छापायचा होता. मी शाळामास्तर, अक्षर बरं. लेखावर माझंही नाव येणार होतं.

आमच्याकडचा ताप एकांतरा. एक दिवस हुडहुडी, एक दिवस आराम. आरामाच्या दिवशी अप्पा म्हणत, "मास्तर, लिहा. उतार!" दुसऱ्या दिवशी तोच माणूस कुडकुडत आला की डोळे बारीक करून विचारत, "कांदा खाल्लास?" गोळ्यांवर कांदा वर्ज्य होता.

"खाल्ला की. भाकरीसंगं दुसरं काय खानार, अप्पा?"

"मग गोळीचा काय दोष? मास्तर, लिहा. कांदा."

वहीत हे दोनच निकाल. म्हातारा सखाराम तर दारातूनच ओरडे, "अप्पा, कांदा लिवा, मी चाललो!" आम्ही सगळे हसायचो.

गावचं पोस्टही शाळेतच, माझ्याकडे. पोस्टातून विकायच्या सरकारी क्विनीनच्या, हिवतापावरच्या खऱ्या औषधाच्या, पुड्या माझ्या खणात असत. "प्रयोग संपेपर्यंत देऊ नका, निकाल बिघडेल," अप्पा म्हणाले आणि मी मान डोलावली. डोंगरावरच्या वाडीतली एक बाई पुडी मागायला आली. तिला मी अप्पांकडे पाठवलं.

पंधरवड्यात ती गेली. बातमी ऐकून अप्पांनी गोळ्यांची पेटी बंद केली. वही ओढून मीच लिहिलं: कांदा.

अप्पा उठून वाडीवर गेले. परत आले ते थेट माझ्याकडे.

"मास्तर, तिचा नवरा म्हणाला, 'कांदा कुटला, अप्पा? आठ दिस घरात मीठ बी न्हाई.' खोडा तो शब्द."

मी खोडला. "काय लिहू?"

"माझ्या गोळ्यांवर राहिली, म्हणून गेली. आणि तिचं नाव लिहा."

नाव मला माहीत नव्हतं. अप्पांनाही नव्हतं. वहीत नुसतं 'वाडीची बाई'. ते तसेच, पाणीही न पिता, पुन्हा डोंगराच्या वाटेला लागले. मी सोबत गेलो नाही. पोस्ट सोडता येत नाही, म्हणालो.

त्या दिवशी रविवार होता.