सुनंदाचा फोटो

माझ्या मैत्रिणीने, सुनंदाने, आज माझ्यासमोरसुद्धा दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला. कर्करोगामुळे तिचा एक स्तन काढला, तेव्हा ड्रेसिंग मीच करत होते. तेव्हा ती लाजली नव्हती.

बायकांनी वेळेवर तपासून घ्यावं म्हणून तिने त्या व्रणाचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. भरीला मीच घातलं होतं. मोकळेपणाने व्यक्त व्हा, असं ते माध्यम चालवणारी कंपनी रोज सांगायची, मी विश्वास ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोटो अश्लील ठरवून काढून टाकला.

नवरा म्हणतो, "अगं, मुस्कटदाबी सरकार करतं. इथे जागा त्यांची, नियम त्यांचे."

असेल. पण सगळ्यांना बोलावून बसवायचं आणि हिचं तोंड बंद करायचं, याला मला दुसरा शब्द सापडत नाही.

सुनंदा एवढंच म्हणाली, "तिथे आता काही उरलेलंच नाही. मग त्यांना अश्लील काय दिसलं गं?"