म्हाताऱ्या माश्यांचे सर

वानखडे सरांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते वाशीमच्या आमच्या महाविद्यालयात फळमाश्यांसाठी मक्याचे पीठ आणि गूळ शिजवत होते. मला ते स्वयंपाकी वाटले. "काका, प्राणिशास्त्राचे सर कुठी भेटतीन?" मी विचारले.

"पातेलं उतरू दे, मंग भेटतो," सर म्हणाले.

जग माश्या मारायला धावते. सर मात्र त्यांना म्हातारपण लाभावे म्हणून दर दोन दिवसांनी नव्या बाटलीत हलवत, अगदी दिवाळीतसुद्धा. वय झाले की माशीच्या मेंदूतली प्रतिकारशक्ती आजार नसतानाही शांत होत नाही आणि मेंदूच्याच पेशींना इजा करू लागते, हे ते आपल्या पद्धतीने शिकवत. "चोर नसताना राखणदार लाठी फिरवत राह्यला, त घरच्यायलेच लागते."

मी संशोधनाला आले ती स्वार्थापोटी, हे कबूल करते. माझे बाबा गावाजवळ भाजीपाला पिकवत. त्यांना मळ्यातून घरची वाट आठवेनाशी झाली होती. मला इलाज हवा होता. काही माश्यांच्या खाद्यात आम्ही ती प्रतिकारशक्ती शमवणारा घटक घातला. मेंदू थकलेली माशी चढायला कमी पडते; म्हणून बाटली ठोकून माश्या तळाशी पाडायच्या आणि किती वर चढतात ते मोजायचे. घटक दिलेल्या माश्या जास्त वर दिसल्या. मी हरखून गेले. सर पाठमोरे बसून नुसता ठोकण्याचा आवाज ऐकत होते.

"ह्या बाटल्या तू हळू ठोकून राह्यली. काहून?"

खरेच होते. घटक दिलेल्या माश्या तळाशी नीट पडतच नव्हत्या, आणि माझ्या हाताने केलेली लबाडी मलाच कळली नव्हती. सरांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून पुन्हा मोजायला लावले. फरक उरला नाही. मी रडले, सरांवर रागावलेही. त्यांनी समजूत घातली नाही. पण त्या रविवारी ते मळ्यात आले आणि बाबांशेजारी बांधावर बसले.

बाबांनी विचारले, "सर, म्हाताऱ्या माशीलेबी घर सापडत नाही काय?"

"तिचंबी तसंच होते, भाऊ. इलाज मले अजून सापडला नाही."

इतके सरळ आम्हाला तोवर कोणीच सांगितले नव्हते. बाबा कित्येक दिवसांनी हसले. तेव्हापासून सर दर रविवारी येतात. बाबा आता मला ओळखत नाहीत. आपल्याला ओळखतात का, हे सरांनी त्यांना कधी विचारलेले नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांना ठणठणीत शंभरी लाभो आणि आपली माणसे शेवटपर्यंत ओळखता येवोत. नाहीच आली, तर सर, आम्ही येऊन शेजारी बसू. ओळखलेत का, असे विचारणार नाही.