पोटातली गडबड

बंद पडलेली कोणतीही वस्तू हातात आली की चाचा आधी ती कानाशी नेऊन हलवायचे. मग ठरलेलं वाक्य, "पोटात गडबड हाये, ताई." पंखा असो, मिक्सर असो, फवारणीचा पंप असो. मूर्तिजापुरात माझं शिलाईचं दुकान आणि त्यांचं दुरुस्तीचं, मधे एक भिंत. त्यांची सगळी खुडबुड मला ऐकावीच लागे.

एकदा त्यांच्या दुबईच्या मेहुण्यानं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर आणलं. खेळण्यातलं नव्हे हो, खरं इंजिन असलेलं! त्याच्या इंधनात एरंडेल असायचं, उडालं की जळका वास गल्लीभर. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्याकडे पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं सारखी उतरत. चाचांनी मैदानात हे उडवलं, तर माणसं धोतर सावरत धावली, "कोन आलं? कोन आलं?"

मी म्हटलं, "चाचा, या वयात हे काय?"

"याच्यानं फवारा मारीन. भावाच्या पाठीवरचा पंप उतरवाचा हाये मले."

त्यांचा धाकटा भाऊ कपाशी पेरायचा. फवारणी झाली की ओकत पडायचा, आणि ऐकायचा कुणाचं नाही.

पण टाकी अर्धी झाली की हेलिकॉप्टर खोकायचं आणि खाली यायचं. चाचांनी टाकी कानाशी हलवली. इंजिनाच्या थरथरीनं आतलं तेल घुसळतं, फेस होतो, आणि तेलाऐवजी इंजिनात बुडबुडा जातो, एवढं त्यांनी ओळखलं. मग मान खाली घालून माझ्याकडे आले, "ताई, ते ब्लाउजात टाकता तो फोम द्या." मला हसू आवरेना. टाकी त्या फोममध्ये गुंडाळल्यावर थोडं जास्त उडालं, शेवटी पुन्हा तेच.

त्याच पावसाळ्यात भाऊ फवारता फवारता शेतात कोसळला. अकोल्याच्या दवाखान्यात मी डबा घेऊन गेले, तर चाचांची नजर सलाईनच्या नळीतल्या छोट्या डबीवर खिळलेली. मला वाटलं, धसका घेतलाय. तेवढ्यात कुजबुजले, "पाहा, बुडबुडा या डबीत वरच राह्यते, खाली निरं पानी जाते. काहून नाही सुचलं मले?" असा राग आला! भाऊ खाटेवर आणि यांचं डोकं हेलिकॉप्टरात. मग त्यांचे रडून सुजलेले डोळे दिसले, आणि मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

भाऊ घरी आल्यावर चाचांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक प्लास्टिकची बाटली टाकी आणि इंजिनाच्या मधे बसवली. बुडबुडे तिच्यात वर अडकायचे, तळातून नुसतं तेल जायचं. झालं! टाकी पार रिकामी होईस्तोवर हेलिकॉप्टर उडालं. खाली पाण्याची छोटी डबी बांधली, तीही उचलली. पण फवारा पडला कपाशीच्या दीड ओळीवर. "अशानं दिवाळीपरेंत एक एकर होईन," भाऊ खो खो हसला. चाचाही हसले.

पण भावाचा पंप त्यांनी दुरुस्तीला म्हणून जो ठेवून घेतला, तो परत दिलाच नाही. भाऊ मागायला आला की कानाशी नेऊन हलवायचे, "पोटात गडबड हाये." सगळ्या तालुक्याचे पंप नीट करणारा माणूस! दुसरा घेतो म्हटलं की चाचा जेवण सोडायचे. वाट पाहता पाहता भाऊ दुकानातच मोटारींचं वाइंडिंग शिकला आणि तिथेच रमला.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर दुकान आवरताना भावानं तो पंप खुंटीवरून काढला, पाणी भरलं, दांडा मारला. पहिल्याच झटक्याला भिंतीवर बारीक फवारा. काही म्हणता काही बिघडलेलं नव्हतं.

भावानं पाणी ओतून दिलं, पंप कानाशी नेऊन हलवला.

"गडबड हाये, ताई," म्हणाला, आणि पंप परत खुंटीला अडकवला.