बिरदेवआप्पांच्या घरातली रॅक

गेल्या जूनमध्ये वडगाव रासाईत बातमी फुटली, की बिरदेवआप्पांनी दौंडहून युरियाची अख्खी रॅक आणून घरात दडवली. रॅक म्हणजे खताची मालगाडी. ती दौंडच्या धक्क्यावर लागली की दौंडच्या आणि आमच्या, दोन्ही तालुक्यांचे कान टवकारतात. आता एवढी मालगाडी आप्पांच्या दोन खोल्यांत मावली कशी, हे कुणी विचारलं नाही. सकाळी सातला सहा शेतकरी खत घ्यायला लागणारी आधार कार्डं घेऊन त्यांच्या ओसरीपुढं उभे.

बातमी माझ्या गिरणीतून फुटली, हे कबूल करतो. आप्पांच्या अंगणासमोरच माझी पिठाची गिरणी. पट्ट्याच्या खडखडाटात मला त्यांचं फोनवरचं एवढंच ऐकू आलं, ‘दौंडला रॅक आलीया, उद्या उचलतो.’ बाकीचं मी दळणासोबत वाटलं.

आप्पांनी सहाही जणांना आत नेलं. खाटेवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लांब लोखंडी दांडी होती, एका अंगाला दात असलेली.

“ही रॅक. अँबॅसिडरच्या स्टेरिंगची. आपण चाक फिरवलं की ही सरकती आन् फुडची चाकं वळत्यात. बोला, कुणाच्या उसाला टाकायची हाय?”

माणसं आधार कार्डं खिशात घालून माझ्याकडं बघत निघून गेली.

आप्पा पाटसच्या अंगाला एका साखर कारखान्यात चेअरमनसाहेबांचे ड्रायव्हर होते, चौदा वर्षं. त्यांच्या घराण्यात मेंढरांमागून उठून स्टेरिंगमागं बसलेला हा पहिलाच गडी. पांढरी गाडी, सीटवर धुतलेले टॉवेल, हंगामात काचेतून आत येणारा मळीचा वास. तिचा हॉर्न वाजला की पारावरची माणसं टोपी सारखी करून उभी राहायची. साहेबांसाठी राहायची, पण नमस्कार पहिला आप्पांना दिसायचा.

ड्रायव्हरच्या बायकोनं त्या गाडीत बसू नये, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण बसत नसत. साखरआक्का डोक्यावर पाटी घेऊन फाट्याकडं चालत असायच्या आणि शेजारून नवऱ्याची गाडी जायची. आप्पा मान वळवायचे नाहीत. स्टेरिंगवरचं एक बोट तेवढं उचलायचे. आक्का एकदा जात्यासारख्या संथ आवाजात मला म्हणाल्या होत्या, “धुरळा लई उडायचा रं बन्सी. पन बोट दिसायचं.”

पुढं कारखान्यानं गाडी मोडीत काढली आणि आप्पांनी लिलावात घेतली. मग आक्का बसल्या, आणि अशा बसल्या की भाजी आणायलाही गाडी लागायची. हे सुख परवापर्यंत चाललं असतं, पण दोन वर्षांपूर्वी न्हावऱ्याच्या रस्त्याला स्टेरिंगनं दगा दिला. त्याला चार बोटं प्ले होता. चाक चार बोटं फिरवावं, तेव्हा कुठं गाडीला कळायचं. त्या दिवशी वळणावर कळायच्या आत गाडी उसात. कुणाला खरचटलं नाही. आक्का डोक्यातलं पाचट काढत उतरल्या आणि म्हणाल्या, “गाडीला तुमचं ऐकू येत न्हाई. यायला लागलं की सांगा.”

तेव्हापासून आक्का बहिणीकडं दौंडला एसटीनं जायच्या, आणि आप्पा रिकामी गाडी घेऊन फाट्यापर्यंत चालणाऱ्या आक्कांच्या मागं मागं. मी गिरणीतून ओरडायचो, “आप्पा, वरात लई हळू चाललीया.” दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायला मात्र ते तयार नव्हते.

म्हणून ही रॅक. आप्पांनी जुनी ओसरीवरच उकलली. आक्कांच्या परातीत डिझेल ओतून एकेक भाग धुतला. परात गेली ती गेलीच. जुन्या रॅकचे मधले दात झिजून गुळगुळीत, कडेचे कोरे करकरीत. आप्पा त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

“साहेबाचा रस्ता सरळ असायचा, बन्सी. वळायला कुठं मिळायचं?”

अकरा दिवसांत नवी दांडी, दांडी पेलणारे नवे बुश, धूळ अडवणारे नवे रबरी बूट, सगळं बसलं. प्ले शून्य. आप्पांनी आक्कांना उंबऱ्यात उभं केलं आणि गाडी मळ्याच्या सरळ रस्त्याला काढली. गाडी नागिणीसारखी डावी-उजवी नाचत गेली. गिरणीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. घोटाळा गाडीचा नव्हता. इतकी वर्षं ढिलं स्टेरिंग सांभाळून आप्पांच्या हातांना चाक सारखं हलवत ठेवायची सवय लागली होती, आणि आता गाडीला प्रत्येक हलवणं ऐकू येत होतं.

“गाडी झाली,” आक्का म्हणाल्या. “आता हात करा.”

एकाहत्तराव्या वर्षी तो माणूस रोज सकाळी मळ्याच्या रस्त्यावर गाडी शिकला. नवव्या दिवशी गाडी बांधाकडून दोरी धरल्यासारखी सरळ आली. आक्का आत गेल्या, पिशवी घेऊन आल्या आणि मागच्या सीटवर डावीकडं बसल्या, साहेब बसायचे तिथं. आप्पांनी उतरून दार लावलं.

मला राहवलं नाही. “आप्पा, मालक झालात, तरी शेवटी ड्रायव्हरच राहिलात की.”

आप्पांनी गिअर टाकला आणि म्हणाले, “व्हय, ड्रायव्हरच हाय. तुला तुझ्या घरात क्लीनर म्हणून तरी ठेवलाय का?”